शोमधली सुपरकार रस्त्यावर येईपर्यंत तिच्या पोटात काय काय बदलतं?

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "जग्वारची सी-एक्स७५ ही गाडी २०१० मध्ये शोमध्ये आली, जगभर गाजली, तरी विकायला का आली नाही? डिझायनर भन्नाट गाडी काढतात आणि इंजिनिअर तिचा जीव घेतात, हे खरं का? आणि मला प्रोजेक्टसाठी सुपरकारची संकल्पना करायची असेल तर सुरुवात कुठून करू?"

मी सव्वीस वर्षं पॅकेजिंगमध्ये आहे. पॅकेजिंग म्हटलं की लोकांना पुठ्ठ्याचे खोके आठवतात, म्हणून आधीच सांगतो. गाडीच्या कातडीच्या आत माणसं, इंजिन, टाकी, रेडिएटर, वायरिंग हे सगळं कुठे बसणार ते ठरवणारं हे खातं. लग्नघरात कुठला पाहुणा कुठल्या खोलीत झोपणार हे ठरवणाऱ्या काकूंचं जे काम, तेच आमचं. पंखा सगळ्यांनाच डोक्यावर हवा असतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: खरं नाही. डिझायनर आणि इंजिनिअर भांडतात, रोज भांडतात, चहाच्या टपरीवरही भांडतात. पण गाडी मरते ती बहुतेक वेळा हिशेबाच्या कागदावर. सी-एक्स७५ चंही तेच झालं. मात्र तिथवर पोचेपर्यंत या गाडीच्या पोटात जी उलथापालथ झाली, ती तुझ्यासारख्याने नीट बघण्यासारखी आहे.

'जग्वार' हे नाव गाडीवर पहिल्यांदा १९३५ मध्ये आलं. त्याला ७५ वर्षं झाली म्हणून २०१० च्या पॅरिस मोटर शोमध्ये सी-एक्स७५ ठेवली. टाटा मोटर्सने जग्वार लँड रोव्हर फोर्डकडून घेऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती, त्यामुळे आमच्या पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात त्या गाडीची चर्चा घरचं कार्य असल्यासारखी चालायची. डिझाइनचे प्रमुख होते इयन कॅलम. आकाराची प्रेरणा जग्वारच्याच १९६६ च्या एक्सजे१३ या रेसिंग गाडीची, जी कधी शर्यतीत उतरलीच नाही. एका अर्थी शकुनच म्हणायचा.

आता पोटात काय होतं ते बघ. चार चाकांना चार मोटर, प्रत्येकी १४५ किलोवॉट, म्हणजे एकूण ५८० किलोवॉट. बॅटरी १९.६ किलोवॉट-तासांची. आणि सीटच्या मागे दोन छोट्या गॅस टर्बाइन, म्हणजे विमानाच्या जेट इंजिनाची धाकटी भावंडं, प्रत्येकी ७० किलोवॉट, वजन प्रत्येकी फक्त ३५ किलो, फेरे मिनिटाला ८०,०००. टर्बाइनचा चाकांशी थेट संबंध नाही. त्या फक्त जनित्र फिरवून वीज करणार. निव्वळ बॅटरीवर ११० किलोमीटर आणि टर्बाइन धरून ९०० किलोमीटर जाईल, असा दावा होता.

टर्बाइन ऐकून हसू नकोस. टर्बाइनवर गाडी चालवायची हौस ब्रिटनमध्ये जुनी आहे. रोव्हरने १९५० मध्येच 'जेट १' चालवून दाखवली होती, आणि १९६५ मध्ये रोव्हर-बीआरएमची टर्बाइन गाडी ग्रॅहम हिल आणि जॅकी स्टुअर्ट यांनी ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत दहाव्या क्रमांकावर आणली. टर्बाइनचं दुखणं तेव्हाही ठाऊक होतं. पाय दाबला की ती लगेच उठत नाही, आणि अर्ध्या जोरावर चालवली की भरमसाट इंधन पिते. सी-एक्स७५ मध्ये ही दोन्ही दुखणी अंगाला लागत नव्हती, कारण पायाला उत्तर देणार मोटर. टर्बाइन आपली एका ठरावीक वेगात, जिथे तिचा जीव रमतो तिथे, फिरत राहणार. पाण्याचं जॅकेट नाही, गिअरबॉक्स नाही. पॅकेजवाल्याला असा पाहुणा म्हणजे मेजवानी: सत्तर किलो वजनात १४० किलोवॉट, तेही सीटच्या मागे आडवे पडून राहणार.

मग अडलं कुठे? दोन ठिकाणी. दोन्हीकडे साधं गणित आहे, वहीत करून बघ.

पहिलं, बॅटरी. चाकं मागणार ५८०, टर्बाइन देणार १४०. उरलेले ४४० किलोवॉट बॅटरीने द्यायचे. १९.६ भागिले ४४०, गुणिले ६०. पावणेतीन मिनिटंही पुरत नाही, तेही बॅटरी शेवटच्या थेंबापर्यंत पिळली असं धरून. सुपरकार कोणी सलग तीन मिनिटं पूर्ण दाबून चालवत नाही, मान्य. पण आपल्या साठवणीच्या बावीसपट दराने वीज ओतायची म्हणजे सेल तापणार. बॅटरीवाले याला सी-रेट म्हणतात, २२ सी. यातली शेकडा पाच जरी उष्णता झाली तरी २२ किलोवॉट. घरातला गिझर दोन किलोवॉटचा असतो. असे अकरा गिझर सीटच्या आसपास चालू आहेत अशी कल्पना कर.

दुसरं, हवा. पिस्टनचं पेट्रोल इंजिन इंधनाला लागते तेवढीच हवा घेतं. टर्बाइनला त्याच्या तीन-चारपट तरी हवा लागते, नाहीतर आतली पाती वितळतील. जेवढी आत घेणार तेवढीच, पण कितीतरी पट गरम होऊन, मागून बाहेर पडणार. शिवाय छोट्या टर्बाइनला धुराड्यातली उष्णता परत वापरायला मोठा उष्णता-विनिमयक जोडला नाही तर तिचं अ‍ॅव्हरेज कोणाला सांगण्यासारखं राहत नाही. १९६५ च्या रोव्हर-बीआरएमलाही तो जोडावा लागला होता. म्हणजे ३५ किलोचा पाहुणा एकटा येत नाही, ट्रंका घेऊन येतो.

या गाडीतली एक गोष्ट मला अजूनही आवडते. सीट जागच्या जागी पक्की, मागच्या भिंतीला जोडलेली. ड्रायव्हर उंच असो वा ठेंगणा, सीट हलत नाही. स्टिअरिंग, पेडल आणि समोरचे मीटर त्याच्याकडे सरकतात. बघणाऱ्याला वाटतं शोची चैन. आमच्या दृष्टीने तो हिशेब आहे. सीट मागेपुढे सरकवायला रुळावर वीस-पंचवीस सेंटीमीटर जागा सोडावी लागते, आणि मधल्या भागात इंजिन असलेल्या गाडीत त्या जागेची किंमत सोन्याची. सीट खिळली की भिंत पुढे येते, भिंत पुढे आली की तिच्यामागे जागा मिळते. माणसाला हलवण्याऐवजी पेडल हलवायचं हे ज्या कोणाला सुचलं, त्याच्याबरोबर एकदा बसून चहा घ्यायला आवडेल.

मे २०११ मध्ये जग्वारने जाहीर केलं की गाडी खरोखर बनवणार. विल्यम्स या फॉर्म्युला वनच्या संघाबरोबर, फक्त २५० गाड्या, किंमत सात ते नऊ लाख पौंड. आणि टर्बाइन गेल्या. त्यांच्या जागी आलं १.६ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन. इंजिनात हवा दाबून भरणारे टर्बो आणि सुपरचार्जर दोन्ही, मिनिटाला १०,००० फेऱ्यांपर्यंत जाणारं, पाचशेच्या वर अश्वशक्ती देणारं. लिटरला तीनशेहून जास्त. चार मोटरच्या दोन झाल्या, पुढे एक आणि मागे एक, प्रत्येकी १५० किलोवॉट. सात गिअरची गिअरबॉक्स आली. शोच्या गाडीचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा होता, तो कार्बन फायबरचा झाला. बाहेरून मात्र गाडी जवळपास तीच. ओळखीच्या माणसाचं काळीज, फुप्फुसं, हाडं, सगळं बदललं आणि चेहरा तोच ठेवला, असं ते ऑपरेशन.

लोक इंजिनाच्या अश्वशक्तीवर बोलत बसतात. मी आधी रेडिएटर मोजतो. टर्बाइनला पाणी नको होतं. या इंजिनाला हवं. टर्बोतून तापून आलेल्या हवेला इंटरकूलर हवा. इंजिनाच्या ऑइलला कूलर, गिअरबॉक्सच्या ऑइलला कूलर, मोटर आणि इन्व्हर्टरला (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणारा डबा) वेगळं सर्किट, बॅटरीला आणखी वेगळं.

यातली गंमत नव्या मुलांच्या लक्षात येत नाही. कमी तापणारी वस्तू थंड ठेवणं जास्त अवघड असतं. इंजिनाचं पाणी १०० अंशांवर फिरतं आणि बाहेर पुण्याच्या मे महिन्यासारखे ४० अंश असतील, तर फरक साठचा. इन्व्हर्टरचं पाणी ६० अंशांच्या आत ठेवायचं असेल तर फरक फक्त वीसचा. म्हणजे तेवढीच उष्णता बाहेर टाकायला तिप्पट रेडिएटर. आणि बॅटरी तर ४० च्या वर गेली की कुरकुरायला लागते. तिथे फरक शून्यावर येतो, नुसत्या हवेने काम होत नाही, एसीची थंडाई वापरावी लागते. मग एसीचा कंडेन्सर मोठा, आणि त्यालाही समोरची ताजी हवा हवी. पंखा सगळ्यांनाच डोक्यावर हवा म्हटलं ते यासाठी.

आणि हवा नुसती आत घेऊन भागत नाही, तिला बाहेर जायला वाट लागते. हा धडा मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही एक शो-कार केली होती. कंपनीचं नाव सांगत नाही. फायबरची बॉडी, आत एक छोटी मोटर आणि लीड-अ‍ॅसिड बॅटऱ्या, ताशी वीसच्या पुढे जायची नाही. स्टेजवर स्वतःच्या पायाने चढली पाहिजे एवढंच तिचं काम. पुढच्या जाळीतून आतलं भुंडं दिसू नये म्हणून मागे काळा रंग दिलेला पत्रा लावला होता. मागचे झरोकेही नुसते दाखवायचे. मे महिन्यात शहराबाहेरच्या माळावर तिचे फोटो काढायला गेलो. दहाव्या मिनिटाला कंट्रोलर तापून बंद पडला. ढकलायची म्हटलं तर हात कुठे लावायचा? स्पॉइलर चिकटवलेला, दरवाजा कागदासारखा, रंग आदल्या रात्रीच वाळलेला. शेवटी चौघांनी चाकांच्या कमानीत आतून बोटं घालून ती टेम्पोपर्यंत नेली. सावलीत गेल्यावर मी तो काळा पत्रा उचकटून काढला, तर आतून भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ आली. तेव्हापासून कोणाचंही स्केच हातात आलं की मी बोटाने हवेची वाट काढत बसतो. शिरली कुठून, गेली कुठून.

यातून मोठमोठे सुटलेले नाहीत. लॅम्बोर्गिनी काउन्टाश घे. १९७१ च्या जिनिव्हा शोमध्ये बर्टोने या डिझाइन कंपनीच्या मार्चेल्लो गांदिनींनी केलेली पिवळी एलपी५०० उभी राहिली तेव्हा खांद्यावर फक्त कल्ल्यांसारख्या चिरा होत्या, अंग गुळगुळीत. चाचण्यांत गाडी तापायला लागली. १९७४ मध्ये विक्रीची गाडी आली तेव्हा दरवाजात खोल खोबण्या आणि खिडक्यांमागे चौकोनी हवेचे डबे आलेले होते. पाच लिटरचं इंजिन चाचणीत फुटलं, म्हणून चार लिटरचं आलं. आज लोक काउन्टाशचं पोस्टर लावतात ते त्या डब्यांसकट. गरज म्हणून चिकटवलेली गोष्ट तिची ओळख झाली.

आकाराबद्दलही थोडं सांगतो, कारण तुला वाटत असेल सगळं कॉम्प्युटरवरच होतं. कॅडवर खूप काही होतं, पण खऱ्या मापाचं क्लेचं, म्हणजे मातीचं, मॉडेल अजून सुटलेलं नाही. फोमच्या गाभ्यावर भट्टीत मऊ केलेली तपकिरी क्ले अंगठ्याने दाबत दाबत थापतात. आत हवा राहिली की नंतर तिथे फोड येतो. मग मशीन ती खरवडून काढतं आणि शेवटचा हात माणसाचा. वर डाय-नॉकची चंदेरी फिल्म ओली करून ताणून बसवतात, म्हणजे रंग दिल्यासारखा उजेड त्यावर धावतो. रात्री ट्यूबलाइटखाली उभं राहून मागच्या कमानीवरची उजेडाची रेघ एका जागी अडखळते का ते बघायचं. स्क्रीनवर जी रेघ सरळ असते, ती तिथे चालताना लंगडते. आणि नेमकी तिथेच, त्या कमानीखाली, मला टायरच्या उसळीसाठी बारा मिलिमीटर हवे असतात. मी मागतो, मॉडेलर माझ्याकडे बघतो, कोणी बोलत नाही. मग तो सुरी घेतो आणि आठ देतो.

कायदा हा तिसरा भिडू. युरोपच्या नियमाने डिपर दिवा जमिनीपासून ५०० मिलिमीटरच्या खाली चालत नाही. एवढ्याशा गोष्टीने कितीतरी गाड्यांची नाकं वर उचलली आहेत. जुन्या गाड्यांचे वर उघडणारे दिवे आठव. ते हौसेपेक्षा या आकड्याचं पोर होतं. वायपर किती काच पुसणार, पादचाऱ्याचं डोकं बॉनेटवर आपटलं तर खाली किती पोकळी असणार, हेही आहेच. त्यावर लिहायचं तर वेगळं उत्तर होईल.

तर, गाडी का आली नाही? तांत्रिक बाजूने ती बऱ्यापैकी जमली होती. प्रोटोटाइप ताशी २०० मैलांच्या वर पळाल्या. पण डिसेंबर २०१२ मध्ये जग्वारने प्रकल्प थांबवला. जगात मंदीचं सावट होतं, आणि अशा दिवसांत दहा लाख पौंडांच्या जवळ जाणारी गाडी काढणं त्यांना शहाणपणाचं वाटलं नाही. त्याच सुमाराला पैसा नव्या मॉडेलांना, नव्या इंजिनांना हवा होता. २५० गाड्यांतून नाव मिळतं, कारखाना चालत नाही.

माझा अंदाज विचारशील तर एक जुनी जखमही आड आली असावी. १९८८ च्या बर्मिंगहॅम शोमध्ये जग्वारने एक्सजे२२० दाखवली होती. बारा सिलिंडर, चारही चाकांना जोर, वर उघडणारे दरवाजे. कंपनीतल्या काही जणांनी शनिवारच्या सुट्ट्या घालवून ती केली होती, 'सॅटर्डे क्लब' हे नाव तिथलंच. लोकांनी पन्नास हजार पौंडांचे बयाणे मोजले. १९९२ मध्ये गाडी आली ती सहा सिलिंडरची, दोन टर्बोंची, जोर फक्त मागच्या चाकांना, दरवाजे साधे. पळायला जबरदस्त. इटलीतल्या नार्दोच्या गोल ट्रॅकवर तिने ताशी २१७ मैल गाठले. पण मधे मंदी आली होती, किंमत वाढली होती, आणि गिऱ्हाईक म्हणत होतं, आम्ही बारा सिलिंडरला पैसे दिले होते. प्रकरणं कोर्टात गेली. तीनशेच्या आत गाड्या बनल्या. दाखवलं एक आणि दिलं दुसरं, हा अनुभव गाठीशी असताना टर्बाइन दाखवून चार सिलिंडर विकायला कोणालाही धाकधूक वाटेल.

सी-एक्स७५ थांबवल्यावर वर्षा-दीड वर्षात लाफेरारी, मॅक्लारेन पी१ आणि पोर्शे ९१८ या तीन हायब्रिड आल्या आणि लोकांनी रांगा लावून घेतल्या. त्या पंगतीत चौथं पान मांडलेलं होतं.

चार चाकांना चार मोटर ही कल्पना मात्र वेडी नव्हती, लवकर आली होती. २०१९ च्या जिनिव्हा शोमध्ये ऑटोमोबिली पिनिनफारिनाची बत्तिस्ता आली. ही कंपनी महिंद्रांची, म्हणजे टाटांसारखी पुन्हा मुंबईच. चार मोटर, मिळून १,४०० किलोवॉट, बॅटरी १२० किलोवॉट-तासांची. वहीतलं तेच गणित कर: १,४०० भागिले १२०, साधारण १२. मोटरांची ताकद जवळपास अडीचपट झाली, तरी बॅटरीवरचा ताण बावीसवरून बारावर आला. मधल्या नऊ वर्षांत सेल सुधारले आणि टर्बाइनची गरजच उरली नाही. बदल्यात वजन वाढलं, बरंच वाढलं. पॅकेजिंगमध्ये फुकट काही मिळत नाही.

आता तुझा प्रोजेक्ट. स्केचपासून सुरुवात करू नकोस. मित्रांपैकी सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटका असे दोघे निवड. हॉस्टेलच्या फरशीवर गादी टाकून, पाठ भिंतीला तिरकी टेकवून, सुपरकारमध्ये बसतात तसं बसव. कमरेच्या खुब्याचा बिंदू, डोळा, टाच आणि डोक्याचा वरचा भाग भिंतीवर टेपने खुणावून घे. आम्ही खुब्याच्या बिंदूला एच-पॉइंट म्हणतो आणि गाडी तिथून मोजतो. सी-एक्स७५ ची उंची १.२ मीटरच्या आसपास होती. तेवढ्या उंचीवर भिंतीवर आडवी टेप मार आणि उंच मित्राच्या डोक्यावर किती बोटं उरतात ते बघ. हेल्मेट घालून पुन्हा बघ. मग त्याच्या पाठीमागे चॉकने भिंत आख, भिंतीमागे पुठ्ठ्याचे खोके खऱ्या मापाने मांड: बॅटरी, मोटर, इन्व्हर्टर, आणि तीन रेडिएटर. रेडिएटर विसरलास तर मार्क मीच कापेन. हे सगळं मांडून झालं की लोकरीचा धागा घे, पुढच्या टोकापासून प्रत्येक रेडिएटरमधून नेऊन गाडीबाहेर काढ. धागा कुठे अडला त्याचे फोटो काढून ठेव. बाह्यरेषा त्यानंतर काढायला घे.

सी-एक्स७५ चे डिझाइनप्रमुख कॅलम आता स्वतःची कंपनी चालवतात. एका बाँडपटासाठी विल्यम्सने सी-एक्स७५ च्या स्टंटगाड्या केल्या होत्या, आत पाच लिटरचं व्ही८ आणि नळ्यांचा सांगाडा. त्यातली एक कॅलमच्या कंपनीने २०२४ मध्ये रस्त्यावर चालवण्याजोगी करून दिली, नंबरप्लेटसकट. टर्बाइन नाहीत, मोटर नाहीत, बॅटरी नाही. फोटो बघताना मी सवयीने मागचे झरोके शोधले.